पिशवीचे हजार मालक, किल्ली कुणाकडे? सेबीला खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष,
भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळ (सेबी),
वांद्रे-कुर्ला संकुल, मुंबई.

विषय : महागड्या पिशव्या आणि बुटांची टोकन पाडून होणारी विक्री

महोदय,

वापरलेल्या महागड्या पिशव्या तपासणं, साफ करणं आणि दुरुस्त करणं हा माझा व्यवसाय. गिऱ्हाईक पिशवी टेबलावर ठेवतं आणि आवाज खाली आणून विचारतं, ‘ओरिजिनल आहे ना? फर्स्ट कॉपी नाही ना?’ त्या एका उत्तराचे मला पैसे मिळतात. शेअर, डिमॅट, आयपीओ हा तुमचा प्रांत. त्यात मी तोंड घालण्याचं एरवी काही कारण नव्हतं. पण माझ्या टेबलावरची वस्तू आता तुमच्या दाराशी येऊन उभी राहिली आहे. तिला आत घेण्याआधी कुठे कुठे चाचपून बघायचं, हे आमच्या धंद्यातल्या कुणीतरी सांगायला हवं.

योजना साधारण अशी असते. कंपनी एर्मेस या फ्रेंच कंपनीची १५ लाखांची बर्किन पिशवी विकत घेते आणि तिजोरीत ठेवते. तिची हजार-हजार रुपयांची १,५०० टोकन, म्हणजे डिजिटल वाटे, पाडते. कुणाकडे किती टोकन याची नोंद ब्लॉकचेनवर, म्हणजे कुणा एकाला गुपचूप खाडाखोड करता येणार नाही अशा सामाईक वहीत. काही वर्षांनी पिशवी विकायची आणि आलेले पैसे टोकनच्या प्रमाणात वाटायचे. मधेच कुणाला बाहेर पडायचं असेल तर त्याने आपलं टोकन दुसऱ्याला विकावं. अमेरिकेत रॅली नावाच्या कंपनीने बर्किनचे वाटे विकले, तेही ब्लॉकचेनच्या मदतीशिवाय. प्रत्येक वस्तूसाठी वाट्यांची वेगळी मालिका काढून आणि एसईसी या तिथल्या नियामकाकडे कागदपत्रं दाखल करून. बुटांची फेरविक्री करणाऱ्या स्टॉकएक्स या कंपनीने २०२२ मध्ये आपल्या गोदामात ठेवलेल्या बुटांवर टोकन काढली. तेव्हा ही काही उद्या-परवाची गोष्ट नाही.

मध्यंतरी अशीच एक योजना घेऊन दोन तरुण माझ्याकडे आले होते. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मुलं वाईट नव्हती आणि माझं भांडण त्यांच्याशी नाही. त्यांना मी ‘ऑथेंटिकेशन पार्टनर’ म्हणून हवी होते. ते मोबाइलवर फोटो पाठवणार, मी ते बघून ‘अस्सल’ म्हणणार, माझं ‘अस्सल’ ब्लॉकचेनवर चढणार. माझी फी अर्धी रोख आणि अर्धी त्याच पिशवीच्या टोकनमध्ये. मी विचारलं, उद्या पिशवी नकली निघाली तर? त्यातला एक अगदी अभिमानाने म्हणाला, ‘मॅम, आपलं रेकॉर्ड कुणालाच बदलता येत नाही.’ म्हणजे माझी चूकसुद्धा अजरामर! आणि फी त्याच टोकनमध्ये असल्यावर ‘नकली’ हा शब्द माझ्या तोंडून सहजासहजी निघणार नाही, हे मलाही कळतं, त्यांनाही कळत होतं.

फोटोवरून काय कळतं आणि काय नाही, ते जरा सांगू द्या. एर्मेसच्या पिशवीची शिलाई हाताची असते, एका दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया लावून दोन्ही बाजूंनी घातलेली. प्रत्येक टाका किंचित तिरका बसतो, आणि एखादा तुटला तरी पुढची शिवण उसवत जात नाही. मशीनचा टाका सरळ रेषेत पळतो. चांगल्या फोटोत हा फरक दिसतो, कबूल. पण आजची वरच्या दर्जाची नक्कलही हातानेच शिवलेली असते. मग मी कातड्यावरचा कारागिराचा ठसा बघते, त्याची खोली नखाने जोखते. कुलपाचं वजन तळहातावर घेते, कुलपावरचा आकडा किल्लीवरच्या आकड्याशी ताडून पाहते. कडा मेणाने घासलेल्या आहेत की वरून नुसता रंग फासलाय, ते अंगठ्याला कळतं. आणि वास. पिशवीत नाक खुपसल्यावर कातडं बोलतं, गोंदही बोलतो. यातलं निम्मंअधिक फोटोत येत नाही. शिवाय एर्मेस पिशवीबरोबर सत्यतेचं कार्ड देत नाही, त्यामुळे ‘कार्ड आहे ना सोबत’ असं कुणी सांगितलं की माझा संशय वाढतो.

सांगायचा मुद्दा हा की ब्लॉकचेनवरची पहिली नोंद माणसाच्याच तोंडून येते. त्यानंतर ती वही कितीही चोख ठेवली तरी पहिल्या ओळीतलं खोटं खरं होत नाही. उलट ते वज्रलेप होऊन बसतं. वर ज्या स्टॉकएक्सचा उल्लेख केला, तिला नाइकीने त्या टोकनवरूनच कोर्टात खेचलं होतं. खटला चालू असताना नाइकीने आणखी एक आरोप जोडला, की तुमचे ‘तपासलेले’ बूटच नकली आहेत. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने नाइकीच्या बुटांचे ३७ नकली जोड विकल्याबद्दल स्टॉकएक्सला जबाबदार धरलं. प्रत्येक जोड तपासण्याचा मोठा खटाटोप मांडून बसलेल्या कंपनीची ही कथा. फोटो मागवून काम भागवणाऱ्यांचं काय होईल, याचा अंदाज तुम्हीच बांधा.

समजा, पिशवी अस्सल आहे. मग ती ठेवायची कुठे? मुंबईचा जुलै महिना कातड्याला काय करतो ते मी दरवर्षी बघते. बंद कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेल्या पिशवीवर पांढरी बुरशी धरते, ती पुसली तरी डाग आत राहतो. चकचकीत पेटंट कातडं शेजारच्या पिशवीचा रंग ओढून घेतं आणि तो मग कुठल्याच औषधाने जात नाही. बुटांचं तर विचारूच नका. जुन्या स्पोर्ट्स शूजच्या तळव्यातलं पॉलियुरेथेन हवेतल्या दमटपणाने आतून विरतं. पायात एकदाही न घातलेला, खोक्यातून बाहेरही न काढलेला जोड काही वर्षांनी हातात घेतला की तळव्याचा भुगा पडतो. ‘अनवॉर्न, बॉक्समधला’ म्हणून ज्याला जास्त भाव लावतात, त्याचंच असं होतं. नियमित वापरलेला जोड त्या मानाने टिकतो, हे धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

एका मालकिणीची पिशवी असली की ती पावसाळ्यात एकदा तरी कपाट उघडते, आत सिलिकाच्या पुड्या टाकते, वारा लावते. १,५०० मालकांच्या पिशवीचं कपाट कोण उघडणार? भागीचं घोडं किवणानं मेलं, ही म्हण आपल्याकडे उगाच पडलेली नाही. टोकनवाल्यांपैकी कुणी तिजोरीचा पत्ता मागितला तर सुरक्षेचं कारण पुढे करतात. फोटो मागितला तर तोच जुना, जाहिरातीतला. माझ्याकडे आलेल्या मुलांना मी विचारलं, तिजोरीतली आर्द्रता किती ठेवणार? त्यांनी एकमेकांकडे बघितलं.

आता पैशाचं. अशा योजनांच्या जाहिरातीत एक आकडा हमखास सापडतो : बर्किनची किंमत वर्षाला सरासरी १४.२ टक्क्यांनी वाढते, शेअर आणि सोन्याहून जास्त. हा आकडा २०१६ मधला, बॅगहंटर या कंपनीच्या अभ्यासातला. बॅगहंटरचा धंदा काय? महागड्या पिशव्या विकणं. दुसरी बातमी गेल्या वर्षीची. जिच्या नावावरून हे नाव पडलं त्या अभिनेत्री जेन बर्किनसाठी बनवलेली पहिलीवहिली पिशवी जुलै २०२५ मध्ये पॅरिसला सदबीजच्या लिलावात सुमारे ८६ लाख युरोंना गेली. आपल्याकडेही पेपरात ठळक छापून आली. पण हातोडा पडला तो ७० लाखांवर. वरचे साधारण १६ लाख लिलावघराचं शुल्क. ते विकणाऱ्याच्या खिशात जात नाही. जाहिरातीत मात्र ८६ च येणार. टोकनवाल्याच्या बाबतीत खरेदीवरची कंपनीची दलाली, दरवर्षीचं तिजोरीभाडं, विमा आणि शेवटी विक्रीचा खर्च हे सगळं आधी वजा होतं आणि उरेल ते १,५०० जणांत वाटलं जातं.

शिवाय पिशवी भाडं देत नाही, व्याज देत नाही, लाभांश देत नाही. नफा फक्त पुढच्या गिऱ्हाइकाच्या हौसेतून यायचा. घड्याळांच्या बाजारात ही हौस २०२२ च्या सुरुवातीला शिगेला पोचली होती. त्यानंतर वापरलेल्या रोलेक्स आणि पाटेक फिलिपचे भाव कसे उतरले, ते ज्यांनी तेव्हा कर्ज काढून घेतली त्यांना विचारा.

तुम्ही इमारतींच्या बाबतीत हा विचार केलेला आहे. ऑफिसच्या जागांचे वाटे विकणारे मंच वाढले तेव्हा तुम्ही मे २०२३ मध्ये चर्चापत्र काढलं आणि मार्च २०२४ मध्ये छोट्या आणि मध्यम रीटचे, म्हणजे इमारतींत पैसे लावून भाडं वाटणाऱ्या न्यासांचे, नियम आणले. मालमत्ता किमान ५० कोटींची हवी, गुंतवणूकदार किमान २०० हवेत, आणि एका युनिटची किंमत १० लाखांहून कमी नको. त्यातही बहुतेक सगळा पैसा पूर्ण बांधून झालेल्या, भाडं देणाऱ्या जागेतच लावायचा. भाडं देणाऱ्या इमारतीत शिरायला तुम्ही १० लाखांचा उंबरठा घातलात, आणि काहीच न देणाऱ्या, पावसात बुरशी धरणाऱ्या वस्तूत हजार रुपयांत शिरता यावं, हे मला तरी उलटं वाटतं.

हे लोक तुमच्या कक्षेत येत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. मी वकील नाही, पण वाचता येतं. सेबी कायद्याच्या कलम ११एए मध्ये सामूहिक गुंतवणूक योजनेच्या खुणा दिल्या आहेत : लोकांचे पैसे एकत्र करणं, नफ्याच्या आशेने ते दिलेले असणं, मालमत्ता दुसऱ्याने त्यांच्या वतीने सांभाळणं, आणि रोजच्या कारभारावर गुंतवणूकदाराचा ताबा नसणं. टोकनच्या पिशवीला यातलं काय लागू होत नाही? ‘आमची रक्कम १०० कोटींच्या आत आहे’ असं ते सांगतात. पण १०० कोटींची तरतूद त्याहून मोठ्या योजना आपोआप जाळ्यात याव्यात म्हणून आहे. लहान योजनेला ती सुटका देत नाही. दुसरी पळवाट म्हणजे प्रत्येक पिशवीची वेगळी कंपनी आणि प्रत्येकीत २०० च्या आत माणसं, म्हणजे ती लोकांना केलेली खुली विक्री ठरायला नको. इमारतींच्या वेळी ही वाट तुम्ही बघितलेली आहे.

आणि वस्तू हौसेची आहे म्हणून तुम्ही कधी गप्प बसला होतात असंही नाही. २००६ मध्ये याच मुंबईत ओशियानचा आर्ट फंड निघाला, चित्रांत गुंतवणूक करणारा, सुमारे १०० कोटी गोळा केलेला. २००८ मध्ये तुम्ही जाहीर सांगितलंत की आर्ट फंड या सामूहिक गुंतवणूक योजनाच आहेत आणि नोंदणीशिवाय चालवता येणार नाहीत. तोवर लोकांचे पैसे गुंतवून झाले होते, पण निदान नंतरच्यांना वाट कळली. पॅनकार्ड क्लब्सचं नाव काढलं तर महाराष्ट्रातल्या अनेक घरांत अजून जेवण जात नाही. तिथे तर हॉटेलच्या खोल्यांच्या ‘रात्री’ विकल्या जात होत्या. मालमत्ता दिसत होती, हॉटेलं उभी होती, सुट्टीत जाऊन राहताही येत होतं. ५० लाखांहून जास्त लोक आणि ७,००० कोटींहून जास्त रक्कम झाल्यावर, २०१४ मध्ये तुमचा आदेश आला. आमच्या ओळखीतल्या एका निवृत्त मास्तरांकडे ती सर्टिफिकिटं अजून प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये आहेत. ती कुणाला खोडता येत नाहीत, हेही खरंच आहे.

करखात्याने या टोकनांबाबत एक बारीक रेघ ओढली आहे, ती तुमच्या कामाची आहे. २०२२ पासून क्रिप्टोसारख्या आभासी मालमत्तेच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, आणि तोटा कशातूनही वजा होत नाही. एनएफटी, म्हणजे एकेका वेगळ्या वस्तूची म्हणून काढलेली टोकन, तीही त्यात येतात. मात्र ३० जून २०२२ च्या अधिसूचनेने एक अपवाद केला : ज्या एनएफटीच्या हस्तांतरणाने खऱ्याखुऱ्या वस्तूची मालकी कायद्याने टिकेल अशा रीतीने हस्तांतरित होते, ती यातून वगळली. आता गंमत बघा. गुंतवणूकदाराला कंपनी सांगते, टोकन म्हणजे पिशवीची मालकी. तसं असेल तर कंपनीने करखात्यापुढे ठामपणे या अपवादावर बोट ठेवायला हवं. पण त्या मुलांच्या अटींच्या कागदात, बाराव्या-तेराव्या पानावर, बारीक अक्षरांत लिहिलं होतं की टोकनधारकाचा वस्तूवर कोणताही थेट हक्क नाही. मुखपृष्ठावर मालक, तेराव्या पानावर नुसता आशाळभूत. यातलं खरं कुठलं, एवढं जरी तुम्ही प्रत्येक कंपनीकडून पहिल्या पानावर लिहून घेतलंत तरी अर्धी गर्दी पांगेल.

थेट हक्क नसण्याचा अर्थ कंपनी बुडाल्यावर कळतो. पिशवी कंपनीच्या नावावर असेल तर बँक ती कंपनीची मालमत्ता म्हणून ओढून नेईल आणि टोकनवाले रांगेत मागे उभे राहतील. आणखी एक शक्यता आमच्या धंद्यात नेहमीची आहे : पिशवी चोरीची निघणं. चोराकडून घेतलेल्या मालाची मालकी घेणाऱ्याला मिळत नाही, हा १९३० च्या मालविक्री कायद्यातला जुना नियम. खरी मालकीण पावती घेऊन आली तर १,५०० नोंदींनी तिला थांबवता येणार नाही. मगरीच्या कातड्याची पिशवी असेल तर परदेशातल्या गिऱ्हाइकाला पाठवताना साइटिस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार परवाने लागतात. ‘हिमालया’ नावाची जी अतिशय महाग बर्किन, ती नाइल मगरीच्या कातड्याची असते. ते कागद जागेवर नसतील तर लिलावाची स्वप्नं कस्टमच्या गोदामात संपतात.

मी ब्लॉकचेनच्या विरोधात आहे असं कृपया समजू नका. वस्तूची जन्मकुंडली ठेवायला ती चांगली आहे. एलव्हीएमएच, प्राडा आणि कार्टिए या चैनीच्या वस्तूंच्या कंपन्यांनी एप्रिल २०२१ मध्ये ऑरा नावाची संस्था काढली, ती हेच करते : वस्तू कुठे बनली, कुणी विकली, कधी दुरुस्त झाली. तिथे पहिली ओळ बनवणारा स्वतः लिहितो, म्हणून तिला वजन आहे. प्राडाने जून २०२५ मध्ये मिलानच्या रॅम्पवर कोल्हापुरी चपलेसारख्या चपला नावगाव न सांगता दाखवल्या, तेव्हा झालेला गदारोळ तुम्ही वाचला असेल. अशा वहीची खरी गरज त्या चपलेला आहे, आमच्या कारागिरांचं नाव आणि गाव पहिल्या ओळीत लिहिण्यासाठी. चपलेचे हजार तुकडे करून विकण्याची गरज कुणालाच नाही. असो, तो तुमचा विषय नव्हे.

तुमच्याकडे मागणं असं. २००८ मध्ये चित्रांबाबत जे एका निवेदनात सांगितलंत, ते पिशव्या, घड्याळं आणि बुटांबाबत आत्ताच सांगा, टोकन असो वा नसो. नोव्हेंबर २०२५ मध्ये डिजिटल सोन्याबद्दल तुम्ही लोकांना सावध केलंत, ते वेळेवर होतं. पण ‘हे आमच्या कक्षेबाहेर आहे, सांभाळा’ एवढ्यावर इथे थांबू नका, कारण हे तुमच्या कक्षेतच आहे. ज्यांना हा धंदा रीतसर करायचाय त्यांना तिजोरी वेगळ्या हातात ठेवायला लावा. टोकन विकणाऱ्याकडे किल्ली नको, जशी म्युच्युअल फंडाची रोखे सांभाळणारी संस्था वेगळी असते. वस्तू अस्सल ठरवणाऱ्याला त्याच वस्तूचं टोकन घ्यायला बंदी करा आणि त्याने दिलेल्या शब्दाची आर्थिक जबाबदारी त्याच्यावर टाका. माझ्यासारखे बरेच जण कुरकुरतील. कुरकुरू द्या. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, कंपनीबाहेरच्या माणसाने कपाट उघडून वस्तूची अवस्था लिहावी आणि ते टोकनधारकांना मिळावं. आणि विक्रीची तारीख आधीच ठरलेली असावी. ‘योग्य भाव आला की विकू’ हे वाक्य मान्य करू नका. योग्य भाव कुठला, हे ठरवणाऱ्याला दरवर्षी तिजोरीभाडं मिळत असतं.

ती दोन मुलं जाताना म्हणाली, ‘मॅम, याला अजून नियमच नाहीयेत, आत्ताच तर संधी आहे.’ मी त्यांना नकार कळवला. त्यांनी दुसरं कुणीतरी गाठलं असेल. या शहरात फोटोवरून ‘अस्सल’ म्हणणाऱ्यांना तोटा नाही. म्हणून निवेदन काढायला पुढच्या पावसाळ्याची वाट बघू नका.

आपली,
पिशव्या तपासणारी एक मुंबईकर